रखवालीचा हक्क आणि रखवालदाराचा मान

इमारतीच्या फाटकावर रात्र जागून काढणाऱ्या आणि रहिवाशांना चोराचिलटांपासून सुरक्षित ठेवणाऱ्या रखवालदाराचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करण्याची पद्धत महाराष्ट्रातील शहरांत आता चांगली रुळली आहे. प्रजासत्ताकदिनाच्या झेंडावंदनानंतर किंवा सोसायटीच्या वार्षिक सत्यनारायणाच्या वेळी असा सत्कार होतो, टाळ्या वाजतात, आणि चोर पकडून दिला असेल तर पोलीस ठाण्याकडून प्रशस्तिपत्रही मिळते. या प्रथेमागचा प्रश्न मात्र फार जुना आहे. दुसऱ्याच्या जिवासाठी आणि मालमत्तेसाठी जो जागतो त्याचे ऋण समाजाने कसे फेडावे, याची मराठी मुलखाने निरनिराळ्या काळी निरनिराळी उत्तरे दिली, आणि ती एकत्र ठेवून पाहिली असता असे दिसते की चोरी झाली म्हणजे पहिला जाब रखवालदाराला विचारण्याची रीत अखंड चालत आली, परंतु त्या जबाबदारीशी जोडलेला त्याचा हक्क वाटेतच कोठेतरी तुटला.

या उत्तरांपैकी सर्वांत जुने उत्तर दगडात कोरलेले आहे. गावाचे किंवा गावच्या गुराढोरांचे रक्षण करताना ज्याला मरण आले त्याच्या स्मरणार्थ जो कोरीव शिलापट्ट उभारला जाई त्याला वीरगळ म्हणतात, आणि महाराष्ट्रातील असंख्य गावांत, देवळाच्या आवारात, ओढ्याकाठी किंवा पाराखाली असे वीरगळ आजही उभे आहेत. त्याची मांडणी बहुधा ठरलेली असते: अगदी खालच्या चौकटीत धारातीर्थी पडलेला वीर आणि पुष्कळदा त्याच्या शेजारी सोडवून आणलेल्या गाई, त्यावरच्या चौकटीत ढालतलवारीची झुंज, त्याहून वर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा करीत बसलेला तोच वीर, आणि माथ्यावर त्याची कीर्ती आचंद्रार्क टिकेल याची ग्वाही देणारे चंद्र-सूर्य. मुंबईत बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळांवर तर नौकायुद्ध कोरलेले आहे, आणि ते राजसत्तांच्या लढाईचे स्मारक असल्याने त्यांचा थाट वेगळा आहे. गावोगावचे साधे वीरगळ मात्र राजांचे नव्हेत. ज्याच्याकडे रक्षणाचे काम आले आणि जो त्या कामी आला अशा सामान्य माणसाचे ते आहेत. बहुतेकांवर एक अक्षरही कोरलेले नसल्याने त्या माणसांची नावे कायमची हरवली, तरी गावाने त्यांना देवाच्या शेजारी जागा दिली आणि शेंदूर लावून त्यांची पूजा चालू ठेवली, ही कृतज्ञता सामान्य म्हणता येणार नाही.

जो मेला त्याची सोय अशी दगडाने केली; जो रोज जागत होता त्याची व्यवस्था गावगाड्याने वेगळ्या रीतीने लावली. मध्ययुगीन आणि पेशवेकालीन मराठी गावाभोवती गावकूस म्हणजे मातीची किंवा दगडाची भिंत असे, तिच्यात ये-जा करण्यासाठी वेस असे, आणि या वेशीची राखण ज्याच्याकडे असे त्याला वेसकर किंवा बोलीत येसकर म्हणत. देशावर हे काम बहुतेक ठिकाणी महारांकडे होते. रात्री वेस लावणे आणि पहाटे उघडणे, परक्या माणसाची चौकशी करणे, पाटलाचा निरोप पोचवणे, सरकारी वसूल तालुक्याच्या ठाण्यापर्यंत नेताना सोबत जाणे, गावच्या शिवेची खूण ध्यानात ठेवणे, अशी त्याच्या कामाची यादी लांबत जाई. शिवेचा तंटा उभा राहिला म्हणजे त्याचीच साक्ष महत्त्वाची मानली जात असे, कारण गावाची हद्द त्याच्याइतकी पायाखालून कोणी घातलेली नसे. हातात घुंगरांची काठी आणि खांद्यावर घोंगडी ही त्याची ओळख होती. मोबदला म्हणून त्याला इनाम जमिनीचा तुकडा, पिकाच्या राशीतून बलुते, म्हणजे प्रत्येक कुणब्याकडून मिळणारा धान्याचा ठराविक वाटा, आणि दारोदार फिरून गोळा करावयाची भाकरी मिळे. बेदरच्या बादशहाने अमृतनाक नावाच्या महार वीराला बावन्न हक्क दिले अशी कथा महार समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात असे. तिची ऐतिहासिक सत्यता बाजूला ठेवली तरी, आपला मोबदला हे कोणाचे उपकार नसून पराक्रमाने मिळवलेला हक्क आहे, अशी ती सांगणाऱ्यांची धारणा होती, हे त्या कथेवरून निःसंशय कळते.

या व्यवस्थेचे सर्वांत तपशीलवार वर्णन एका परक्या अधिकाऱ्याच्या हातून झाले. पेशवाई बुडाल्यावर नव्याने जिंकलेल्या मुलखाचा कारभार पाहणाऱ्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ साली कंपनी सरकारला जो अहवाल सादर केला, त्यात त्याने गावच्या रखवालीचे नियम बारकाईने नोंदले आहेत. गावाने नेमलेला रखवालदार एकच असला तरी त्याच्या घरातील सगळे पुरुष त्याच्या मदतीला असत. त्याने रात्री गस्त घालावी, गावात कोण आले आणि कोण गेले यावर नजर ठेवावी, प्रत्येक गावकऱ्याचा स्वभाव व वर्तणूक त्याला ठाऊक असावी, आणि चोरी झाल्यास चोराच्या पाऊलखुणांवरून माग काढावा, अशी अपेक्षा होती. हा माग शेजारच्या गावाच्या शिवेत गेला आणि तेथल्या रखवालदाराची तशी खात्री पटवून देता आली, म्हणजे पहिल्याची जबाबदारी संपे आणि दुसऱ्याने तोच माग पुढे चालवायचा असे. अशा रीतीने पावलांची ती साखळी गावागावांतून सरकत जाई आणि जेथे ती तुटे त्या शेवटच्या गावावर चोरीची भरपाई येऊन पडे. तेथील रखवालदाराची ऐपत संपली तर उरलेली रक्कम सबंध गावावर बसवली जाई. प्रत्यक्षात ही भरपाई नेहमीच वसूल होत नसे आणि काही विशिष्ट प्रसंगीच ती पूर्णपणे घेतली जाई, हेही तो सांगतो. या पद्धतीचे मर्म असे की चोरी ही एकट्या रखवालदाराची चूक मानलेली नव्हती. जाब त्याला विचारला जाई, पण त्याच्या पाठीशी सबंध गाव जबाबदार असे. त्यामुळे त्याला बलुते देताना गाव दान देत नव्हते, स्वतःच्या जबाबदारीचा वाटा उचलत होते.

तरीही या व्यवस्थेचा गौरव करताना तिच्या पोटातील अन्याय झाकता येत नाही. गावकुसाची राखण करणारा स्वतः गावकुसाबाहेर राहत असे, ज्या घरांसाठी तो जागे त्या घरांच्या उंबऱ्याच्या आत त्याला पाऊल टाकता येत नसे, आणि त्याच्या हक्काची भाकरी वरून टाकली जात असे. संत चोखामेळा यांचा मृत्यू मंगळवेढ्यास गावकुसाचे बांधकाम चालू असताना भिंत कोसळून झाला आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून पंढरपूरला विठ्ठलाच्या महाद्वारासमोर समाधी बांधली, असे वारकरी परंपरा सांगते. ज्यांच्या श्रमावर भिंती उभ्या राहिल्या आणि ज्यांच्या जागरणावर दरवाजे सुरक्षित राहिले त्यांची जागा दाराबाहेरच ठरलेली होती. त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात या व्यवस्थेची उकल केली तोवर तिच्यातील परस्पर बांधिलकी झिजत चालली होती आणि सक्ती तेवढी शिल्लक राहिली होती.

पुणे, सातारा आणि पुरंदरच्या डोंगराळ भागात हीच जबाबदारी रामोशांकडे असे. डोंगरी मुलखात काही ठिकाणी ती भिल्ल आणि कोळ्यांकडेही होती. किल्ल्याच्या घेऱ्यातील, म्हणजे तटाबाहेरच्या उतारावरील आणि पायथ्याच्या चौक्या रामोशी, महार, मांग यांनी सांभाळायच्या आणि आतील दरवाजे व किल्ल्या हवालदाराच्या ताब्यात राहायच्या, अशी शिवकालापासूनची वाटणी होती. पुरंदरची राखण करणाऱ्या रामोशी घराण्यांना त्याबद्दल इनामे व हक्क मिळालेले होते. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत त्यांना पहिला धक्का बसला आणि १८१८ नंतर कंपनीने किल्ल्यांची शिबंदी मोडल्यावर रखवालीचे कामही गेले आणि उत्पन्नही गेले. पुरंदर तालुक्यातील भिवडीचे उमाजी नाईक यांचे बंड या पार्श्वभूमीवर उभे राहिले. इतिहासात या प्रसंगाइतका बोलका पुरावा क्वचित मिळतो, कारण उमाजींना पकडणे जमेना तेव्हा सरकारने त्यांना काही काळ माफी देऊन त्याच मुलखाच्या बंदोबस्ताचे काम सोपवले. रखवालदाराचा हक्क काढून घेतला की तो बंडखोर होतो आणि तो परत दिला की पुन्हा रखवालदार होतो, हे राज्यकर्त्यांना कळले होते. पण तो कायमचा परत देण्याची त्यांची तयारी नव्हती. बंड पुन्हा पेटले, उमाजी नाईक पकडले गेले आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी देण्यात आली. त्यांचा पाठलाग करणारा कॅप्टन अलेक्झांडर मॅकिन्टॉश याने पुढच्याच वर्षी रामोशांविषयी पुस्तक प्रसिद्ध केले. पुण्यातील इंग्रज बंगलेवाले मात्र त्यानंतरही पहाऱ्यासाठी रामोशीच ठेवीत राहिले. ज्याला कागदोपत्री चोर ठरवले त्याच्याच भरवशावर ते रात्री झोपत होते. पुढे गुन्हेगार जमाती कायद्याने पक्का केलेला हा शिक्का १९५२ साली कायद्याने पुसला गेला, आणि आज रामोशी समाज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे.

पेशव्यांच्या पुण्यात रखवालीला पहिल्यांदा शहरी रूप आले. पेठापेठांतून चौक्या होत्या, त्यांच्यावर कोतवाल होता, आणि रात्रीची तोफ झाल्यावर रस्त्यात सापडणाऱ्याला अडकवून ठेवण्याचा अधिकार त्याला होता. हाच अधिकार घाशीराम कोतवालाच्या काळात इतका मोकाट सुटला की १७९१ साली कोंडून घातलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले आणि चिडलेल्या जमावाने कोतवालाला ठार केले. गावातील येसकराला प्रत्येक माणूस ओळखीचा होता. शहरातील कोतवालीपुढे मात्र सगळेच अनोळखी होते, आणि पहारा व जुलूम यांतील अंतर तेथे फार लवकर मिटले.

मुंबईची घडण याहून वेगळी झाली. गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिअर याने सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात माहीम, शिवडी, शीव अशा ठिकाणी सुभेदार नेमून मुख्यतः भंडारी समाजातील सुमारे ६०० माणसांचे जे दल उभारले, त्याला भंडारी पलटण म्हणतात आणि मुंबई पोलिसांचा इतिहास सामान्यतः तेथूनच सुरू होतो. कोटाला अपोलो, चर्च आणि बाजार असे तीन दरवाजे होते व रात्री ते बंद होत. १८६० च्या दशकात बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना कोटाच्या भिंती पाडण्यात आल्या आणि त्यानंतर सबंध शहराचे असे एकही दार उरले नाही. त्याऐवजी प्रत्येक पेढीला, गोदामाला, बंगल्याला आणि गिरणीला आपापले फाटक आणि आपापला दरवान ठेवावा लागला. रखवाली सार्वजनिक होती ती खाजगी झाली, या बदलाचे महत्त्व भिंती पाडण्याच्या गाजावाजात सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. गावाच्या जागी आता मालक आला, आणि मालकाला असा माणूस हवा होता की ज्याचे आसपासच्या वस्तीत कोणी सगेसोयरे नसतील. म्हणून गिरण्यांच्या फाटकांवर पठाण आले, पेढ्यांवर उत्तर हिंदुस्थानातील भय्ये आले आणि पुढे नेपाळचे गुरखे आले. येसकराची लायकी तो सगळ्यांना ओळखतो यात होती. गिरणीच्या पठाणाची लायकी त्याला कोणी आपला मानत नाही यात होती.

या परकेपणाची किंमत त्या माणसांनाच मोजावी लागली. शिवडीतील तेल कंपन्यांच्या संपात पठाणांना संपकऱ्यांच्या जागी कामावर आणले गेले, त्यातून कामगार वस्त्यांत त्यांच्याविषयी तेढ वाढली, आणि फेब्रुवारी १९२९ मध्ये मुले पळवली जात असल्याची खोटी आवई उठताच मुंबईत दंगल पेटून अनेक निरपराध पठाणांचे बळी गेले. चाळींना मात्र दरवानाची गरज फारशी पडली नाही. गिरगावच्या किंवा परळच्या चाळीत सामाईक गॅलरी, उघडी दारे आणि दिवसभर कोणी ना कोणी बाहेर बसलेले असणे हीच रखवाली होती आणि अनोळखी माणूस जिना चढू लागला की ‘कोण पाहिजे?’ हा प्रश्न निदान दोन मजल्यांवरून येत असे. दारे बंद ठेवून राहण्याची पद्धत ब्लॉकसंस्कृतीबरोबर आली आणि शेजाऱ्याने करावयाचे काम पगारी माणसाकडे गेले.

दरम्यान गावाकडच्या जुन्या रखवालीचा हिशेब एका वेगळ्या व्यासपीठावर मांडला जात होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. महार वतनदाराच्या कामाला तासांची मर्यादा नाही, कोणत्याही सरकारी खात्याचा अंमलदार त्याला राबवू शकतो, बाप कामावर हजर नसेल तर मुलाला जुंपले जाते, आणि इतके करून सरकार पगार देत नाही तर त्याला रयतेच्या बलुत्यावर सोडून देते, हा त्यांचा आक्षेप होता. बलुते देणे न देणे रयतेच्या मर्जीवर असल्याने माणुसकीचे हक्क मागणाऱ्या महाराचे बलुते बंद करणे हे गावाच्या हातातील हत्यार बनले होते. वतनाची जमीन रास्त साऱ्यावर त्याच्या मालकीची करावी, त्याला चाकरीतून मोकळे करावे आणि जो काम करील त्याला रोख वेतन द्यावे, ही त्यांची मागणी त्या वेळी फळाला आली नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला आणि १ फेब्रुवारी १९५९ पासून तो अमलात आला. दया पवार यांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) येसकराच्या कामाचे जे चित्र येते ते वाचल्यावर वतन बुडाल्याची हळहळ कोणालाही वाटू नये. हक्क म्हणून मिळालेली गोष्ट माणसाला बांधून ठेवणारा दोर होऊ शकते, हे आंबेडकरांनी सगळ्यांआधी स्वच्छ पाहिले आणि त्यावर रोख पगार व कामाची मर्यादा हा उपाय सांगितला.

शहरातील रखवालदाराला नेमक्या याच दोन गोष्टी मिळायला पुढे आणखी कितीतरी वर्षे लागली. १९६० च्या सहकारी संस्था कायद्यानंतर आणि १९६३ च्या फ्लॅटमालकी कायद्यानंतर मुंबई-पुण्यात गृहनिर्माण सोसायट्या भराभर वाढल्या आणि प्रत्येकीच्या जमाखर्चात वॉचमन हे खाते आले. बारा तासांची पाळी, बदली माणूस आला नाही तर सलग दुसरी पाळी, आठवड्याची सुट्टी नावापुरती, आणि दिवाळीला प्रत्येक घरातून गोळा होणारी पोस्त, असे या नोकरीचे स्वरूप राहिले. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे मोकळेपणाने येऊ शकणारे नेपाळी गुरखे रात्री शिट्टी वाजवीत, रस्त्यावर काठी आपटीत गस्त घालीत आणि महिन्याच्या सुरुवातीला दुकानादुकानांतून वर्गणी गोळा करीत. मासिक भाकरीच ती, फक्त नाण्यांच्या रूपात. कंत्राटी एजन्सीकडून येणाऱ्या माणसाची स्थिती तर अधिकच वाईट होती, कारण सोसायटी जी रक्कम मोजी तिच्यातील किती भाग त्याच्या हाती पडे हे एजन्सीच ठरवी.

या पार्श्वभूमीवर महाराष्ट्राने १९८१ साली खाजगी सुरक्षारक्षकांच्या नोकरीचे नियमन व कल्याण यांसाठी केलेला कायदा खरोखर महत्त्वाचा आहे, आणि त्याचे जेवढे कौतुक व्हायला हवे होते तेवढे झालेले नाही. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ साली माथाडी कामगारांसाठी जो कायदा झाला, त्याचाच साचा येथे वापरण्यात आला. सुरक्षारक्षक मंडळ स्थापन करायचे, त्यात शासन, मालक आणि रक्षक या तिघांचे प्रतिनिधी असायचे, रक्षकांनी तेथे नाव नोंदवायचे, मंडळाने त्यांना आस्थापनांवर नेमून द्यायचे, आणि मालकाने पगार थेट न देता मंडळाकडे भरायचा, ज्यातून भविष्यनिर्वाह निधी, रजा आणि बोनस यांची तजवीज होईल, अशी ही योजना आहे. मधला मुकादम काढून टाकणारी आणि रक्षकाला एका मालकाच्या मर्जीतून सोडवणारी ही रचना बलुत्याच्या जागी रोख वेतन मागणाऱ्या १९२८ च्या विधेयकाशी आशयाने जुळते. पुढे २००५ साली केंद्राने खाजगी सुरक्षा एजन्सींना परवाना सक्तीचा करणारा कायदा केला. त्याखालील नमुना नियमांत रक्षकासाठी वर्गातील १०० तास आणि प्रत्यक्ष ६० तास प्रशिक्षणाची तरतूद आहे; आग, ओळखपत्रांची तपासणी, प्रथमोपचार, पोलिसांना खबर देण्याची पद्धत असे विषय त्यात येतात. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीही याच कायद्याने बंधनकारक झाली.

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर मुंबईतील फाटकांचे रूप पुन्हा पालटले. हॉटेले आणि कचेऱ्यांच्या दारात धातुशोधक चौकटी आल्या, सोसायट्यांत कॅमेरे आणि इंटरकॉम आले, आणि केबिनमधल्या वहीच्या जोडीला मोबाइलवरचे अ‍ॅप आले. फाटकावरच्या माणसाचे काम मात्र कमी झाले नाही. कॅमेऱ्यावर दिसलेल्या अनोळखी माणसाला जिन्यात अडवायला तोच जातो, पाण्याचा पंप वेळेवर तोच लावतो, मध्यरात्री छातीत दुखू लागलेल्या वृद्धासाठी रिक्षा तोच थांबवतो. इमारतीत चोरी झाली की सर्वांत आधी त्यालाच पोलीस ठाण्यात बसवले जाते, ही येसकराच्या काळापासून आलेली रीतही तशीच आहे. फरक एवढाच की एल्फिन्स्टनने पाहिलेल्या गावात रखवालदाराच्या मागोमाग भरपाईसाठी गाव पुढे येई. सोसायटीत ही जबाबदारी कोणी वाटून घेत नाही.

म्हणून सत्काराचा प्रश्न शाल-श्रीफळापाशी सुटत नाही. चोराला अडवताना जखमी झालेल्या रक्षकाच्या औषधपाण्याचा खर्च कोण देणार, तो काम करू शकला नाही त्या दिवसांचा पगार कोण देणार, आणि तो दगावला तर त्याच्या घरच्यांना काय मिळणार, याची उत्तरे आधीच लिहून ठेवलेली असणे हा त्याचा खरा मान आहे. वीरगळ उभारणाऱ्या गावाने मेलेल्याला देवपण दिले. १९८१ च्या कायद्याने जिवंत माणसाला निधी, रजा आणि नोंदणी क्रमांक दिला, आणि या दोहोंत दुसरे मोल अधिक मानले पाहिजे. हा कायदा ज्या आस्थापनेत रक्षक थेट व नियमित नोकर नसतात त्यांनाच लागू आहे, त्यामुळे सोसायटीने स्वतः नेमलेला, वर्षानुवर्षे त्याच फाटकावर राहिलेला आणि बहुधा त्याच इमारतीच्या जिन्याखालच्या खोलीत संसार थाटलेला वॉचमन त्याच्या कक्षेत येत नाही. त्याचा पगार, रजा आणि निवृत्तीनंतरची पुंजी हे सर्व आजही वार्षिक सर्वसाधारण सभेच्या ठरावावर अवलंबून असते.